म्हाताऱ्या माणसांचं जेवण: शिजवल्यापासून ताटात येईपर्यंतचे तास

मराठवाड्यातल्या बहुतेक शेतकरी घरांत स्वयंपाक सकाळी एकदाच होतो. सात-साडेसातला भाकरी, कालवण, भात उरकतो आणि नऊपर्यंत घर रिकामं होतं. कुणी कापूस वेचायला, कुणी सोयाबीनला, पोरं शाळेला. मागे राहतात आजी किंवा आजोबा आणि झाकून ठेवलेलं पातेलं. त्यातलं एक वाजता खायचं, उरलं तर चारला, आणि रात्री गरम करून पुन्हा तेच. लातूर-नांदेडच्या फ्लॅटमध्येही फार वेगळं नसतं. तिथे पातेल्याच्या जागी हॉटपॉट असतो, एवढंच.

घरातल्या वयस्क माणसाची जबाबदारी नुकतीच अंगावर आलेल्यांनी सगळ्यात आधी हे मधले तास बघावेत. काय खायला घालायचं याचा विचार सगळेच करतात. शिजल्यापासून तोंडात जाईपर्यंत ते किती वेळ आणि कशात पडून होतं, हे मात्र फारसं कुणी मोजत नाही.

तेच अन्न त्यांनाच का बाधतं

घरातल्या सगळ्यांनी एकच वरण खाल्लं, बाकीचे ठणठणीत आणि आजोबा दवाखान्यात, असं होतं ते उगीच नाही. पोटातलं आम्ल जंतूंना मारतं, आणि वयाबरोबर ते अनेकांत कमी होतं. त्यात पित्तासाठी रोज सकाळी पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल चालू असेल तर ते आणखी घटतं. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, स्टेरॉइड किंवा कॅन्सरची औषधं असली की अंगाची प्रतिकारशक्तीही तोकडी पडते. वास आणि चव कमी झालेली असते, मोतीबिंदू असला तर बुरशीचा ठिपका दिसत नाही. तहानही नीट लागत नाही, त्यामुळे दोन जुलाबांत अंगातलं पाणी जेवढं जातं तेवढं मागून प्यायलं जात नाही.

एक अडचण स्वभावाची आहे. ज्या पिढीने १९७२ चा दुष्काळ पाहिला तिला अन्न टाकायला सांगणं सोपं नाही. त्यावरून वाद घालू नका, वादात तुम्ही हरणार. मापच कमी करा. एका वेळेला एका माणसाला अर्धी वाटी तांदूळ पुरतो, मग भात उरतच नाही. थोडं उरलंच तर ते आंबायच्या आत गुरांपुढे जातं हे दिसलं, की त्यांचाही जीव भांड्यात पडतो. बुरशी आलेलं मात्र गुरांनाही घालू नका.

नाकापेक्षा घड्याळ बघा

५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू वाढतात. त्यातही अंगाच्या तापमानाच्या आसपास फारच झपाट्याने. अनुकूल अन्नात काही जंतू वीस-वीस मिनिटांना दुप्पट होतात. त्या हिशोबाने एका जंतूचे सहा तासांत अडीच लाखांवर जातात. म्हणून शिजलेलं ओलं अन्न बाहेर दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. परभणी-नांदेडकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत तर त्याहून जास्त. तेव्हा मार्च ते जूनमध्यापर्यंत दोन तासांचा नियम विसरा, एक तासच धरा.

‘वास तर येत नाही’ हे सगळ्यात फसवं. आंबट वास आणि तार येते ती एका प्रकारच्या जंतूंनी. आजारी पाडणारे बहुतेक जंतू ना वास देतात ना चव बदलतात.

‘चांगलं उकळून देते’ हेही अर्धंच खरं. भातात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू असतो. त्याचे बीजाणू शिजवतानाही मरत नाहीत. भात कोमट पडून राहिला की ते उगवतात आणि विष सोडतात. उलट्या करणारं हे विष उकळल्याने जात नाही. हाताच्या जखमेतून, नाकातून आलेल्या स्टॅफिलोकॉकस जंतूचं विषही असंच चिवट. पेढा, बासुंदी, खव्याचे पदार्थ यांत तो रमतो. मोठ्या पातेल्यातल्या येसराच्या आमटीत किंवा मटणाच्या रश्श्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स वाढतो, कारण मोठं पातेलं मधून तासन्‌तास कोमट राहतं. तात्पर्य, उकळणं हे जपून ठेवलेल्या अन्नाला लागू. दुपारभर बाहेर राहिलेल्या भाताला त्याचा उपयोग नाही.

घर रिकामं असताना काय ठेवून जायचं

सूत्र सोपं आहे: कोरडं ठेवा, ओलं आयत्या वेळी करा. जंतूंना वाढायला पाणी लागतं.

ज्वारी-बाजरीची भाकरी या बाबतीत आपली भक्कम बाजू आहे. सकाळची भाकरी दुपारी, अगदी रात्रीही, भातापेक्षा कितीतरी निर्धोक. शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची कोरडी चटणी पाण्याचा हात न लागता दिवसेंदिवस टिकते. दशम्या, मेथी घातलेले धपाटे, भाजलेलं बेसन, लाडू, राजगिऱ्याची वडी, केळं हे सगळं ठेवून जायला चांगलं. धपाट्यात काकडी किंवा दुधी किसून घातला असेल तर मात्र ते दुपारपर्यंतचंच. दात नसतील तर भाजलेलं ज्वारीचं किंवा सातूचं पीठ गूळ घालून डब्यात ठेवा. खाताना त्यात गरम पाणी किंवा नुकतंच उकळलेलं दूध घालून कालवता येतं.

भाकरी दुधात किंवा वरणात चुरून ‘मऊ होईल म्हणून’ आधीच काला करून ठेवणं ही सर्वांत वाईट सवय. कोरड्या भाकरीचा सगळा फायदा त्याने जातो. काला खाण्याच्या दहा मिनिटं आधी करा, नाहीतर त्यांना करू द्या.

गरम वरण, आमटी, मऊ खिचडी द्यायचीच असेल तर हॉटपॉट नको. तो अन्न ६० च्या वर फार वेळ धरत नाही. दोन-तीन तासांत कोमट होतं आणि मग झाकणाखाली जंतूंना हवं तसं ऊबदार घर मिळतं. स्टीलचा निर्वात थर्मास घ्या, रुंद तोंडाचा, अर्धा ते पाऊण लिटरचा. पद्धत अशी:

१. थर्मासमध्ये उकळतं पाणी भरून झाकण लावा, १० मिनिटं ठेवा.
२. तोवर वरण गॅसवर रटरटत राहू द्या.
३. पाणी ओतून टाका आणि पुसत न बसता उकळतं वरण गळ्यापर्यंत भरा. अर्धा भरलेला थर्मास लवकर निवतो.
४. झाकण घट्ट लावा. जेवायच्या वेळेआधी उघडायचं नाही.

नवीन थर्मास वापरण्याआधी एक दिवस नुसत्या उकळत्या पाण्याने पारखा. पाच तासांनी स्वयंपाकाच्या थर्मामीटरने मोजा, ६० च्या वर हवं. थर्मामीटर नसेल तर निदान फुंकून प्यावं लागेल इतकं गरम असायला हवं. पटकन घोट घेता आला तर तो थर्मास चहालाच ठेवा.

संधिवाताच्या बोटांनी झाकण उघडतं का, हे तुमच्यासमोर एकदा करून बघायला सांगा. झाकण उघडत नाही म्हणून आजी दिवसभर उपाशी राहतात आणि संध्याकाळी ‘भूकच नव्हती’ म्हणतात. उघडल्यावर थेट तोंडाला लावू नका, वाटीत ओतून घ्या. भाजण्याची भीती खरी असते.

एसटीने डबा पाठवायची पद्धत अजून आहे, विशेषतः नातेवाईक छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यात भरती असले की. त्या डब्यातही हेच: भाकरी, कोरडी भाजी, चटणी. उकडलेली अंडी द्यायची तर न सोलता. भात, वरण, ताक, दूध तिथेच जवळच्या खानावळीतून समोर गरम घ्या.

उरलेलं जपायचं असेल तर

रात्री जेवल्यावर पातेलं तसंच ओट्यावर ठेवून सकाळी फ्रिजमध्ये सरकवणं निरुपयोगी. जेवायला बसायच्या आधीच वाटून घ्या. जे उरणार ते उथळ डब्यांत, दोन इंचांपेक्षा जाड थर नाही. परातीत गार पाणी घेऊन त्यात डबा ठेवा आणि ढवळा. वीस मिनिटांत वाफ मरते. मग फ्रिज. गरम डबा फ्रिजमध्ये ठेवला की फ्रिज बिघडतो ही समजूत जुनी आहे. वाफ गेलेला कोमट डबा खुशाल ठेवा.

गरम करताना बुडबुडे पूर्ण पातेल्यात यायला हवेत, नुसते कडेला नाहीत. ढवळून पुन्हा उकळी आणा. आतपर्यंत ७५ अंश हे लक्ष्य. भाताला पाण्याचा हबका मारून झाकण ठेवून दणदणीत वाफ आणा. मायक्रोवेव्ह कडा भाजतो आणि मध्य थंड ठेवतो, म्हणून मध्येच ढवळा. एकदा गरम केलेलं पुन्हा गरम करायचं नाही. वयस्क माणसासाठी भात दुसऱ्या दिवसापुढे नको, बाकीचं शिजलेलं दोन दिवस, फार तर तीन.

पाणी

मराठवाड्यात या विषयात निम्मं काम पाण्याचं आहे. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, उन्हाळ्यात टँकर, बाकी वेळ बोअर किंवा वीस लिटरचा जार. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. साठवण टळत नाही, आणि जंतू बहुधा साठवणीतच शिरतात.

जार म्हणजे शुद्ध पाणी असं गृहीत धरू नका. थंड केलेलं पाणी शुद्ध असतंच असं नाही, आणि अनेक ठिकाणच्या जारवर परवाना, तारीख, सील काहीच नसतं. क्लोरीन नसलेलं पाणी जारमध्ये आठवडाभर राहिलं तर आत शेवाळी थर धरतो. वयस्क माणसासाठी असं पाणीही उकळूनच.

उकळणं म्हणजे खळखळ बुडबुडे आल्यावर निदान एक मिनिट. सरपणाच्या चुलीवर अंदाज चुकतो म्हणून तीन-चार मिनिटं धरा. उकळलं त्याच भांड्यात झाकून निवू द्या. उकळलेलं पाणी न धुतलेल्या माठात ओतलं की सगळी मेहनत वाया. जळण परवडत नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा द्रव क्लोरीन घ्या. ग्रामपंचायतीकडे, आशाताईंकडे किंवा आरोग्य उपकेंद्रात चौकशी करा. गोळी किती लिटरला ते पाकिटावर लिहिलेलं असतं, कारण गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात. घातल्यावर अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी चौपदरी सुती कापडातून गाळा, कारण गाळात क्लोरीन खर्च होतं. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत.

आरओ यंत्र असेल तर त्याच्या टाकीतलं पाणी झाकलेलं, आणि आतल्या मेणबत्त्या (फिल्टर) आणि पडदे (मेम्ब्रेन) वेळेवर बदललेले हवेत. बोअरचं क्षारयुक्त पाणी उकळून क्षार कमी होत नाहीत. मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर कुठलं पाणी द्यायचं हे डॉक्टरांनाच विचारा.

माठ तोटीचा घ्या. तोटी नसेल तर लांब दांड्याचं वगराळं, आणि ते माठावर उघडं न ठेवता खिळ्याला टांगलेलं. तांब्या बुडवणाऱ्या हाताची बोटं पाण्यात जातात, हा नेहमीचा रस्ता. दर तिसऱ्या दिवशी माठ रिकामा करून घासा आणि उन्हात वाळवा. पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात जास्त सावध राहा. नाल्यातली घाण, फुटकी पाइपलाइन आणि पहिलं पाणी एकत्र आलं की कावीळ आणि गॅस्ट्रोची साथ गावात शिरते.

ताकात आणि पन्ह्यात घालायचं पाणीही हेच. रसवंतीत लादीचा बर्फ टाकून दिलेला रस वयस्क माणसाला नकोच. घरचं ताक आंबट असल्याने वरणापेक्षा बरंच सुरक्षित असतं, पण कच्च्या पाण्याने फुकट जातं.

हात आणि फडकं

साबण, वाहतं पाणी, २० सेकंद. संडासनंतर, लंगोट किंवा डायपर बदलल्यावर, कच्च्या मटणानंतर, जनावरांच्या धारा काढल्यावर आणि भरवण्याआधी. मिश्री लावायची सवय असेल तर त्यानंतरही. बोट तोंडात जातं आणि तेच पिठात. हाताला चिघळलेली जखम असेल तर त्या दिवशी भाकरी दुसऱ्याने थापावी, किंवा जखम पट्टीने बांधून वर हातमोजा घालावा. ज्याला जुलाब लागलेत त्याने स्वयंपाक करायचा नाही. जुलाब थांबून दोन दिवस होऊ द्यावेत.

भाकरी गुंडाळायचं फडकं आणि ओटा पुसायचं फडकं एकच नको. दोन्ही रोज धुऊन कडक उन्हात. उन्हाची आपल्याकडे वानवा नाही.

फ्रिज, आणि वीज गेली तर

आत ५ अंशांखाली हवं. फ्रिजचं छोटं थर्मामीटर आणा आणि मधल्या कप्प्यात ठेवा. मे महिन्यात बटण ‘३’ वर ठेवलेला फ्रिज आत १० अंशांवर असतो, असं सर्रास होतं. कच्चं मटण-चिकन सगळ्यात खाली, डब्यात. त्याचं पाणी कोथिंबिरीवर ठिबकू नये. दाराच्या कप्प्यात दूध नको, तिथे सगळ्यात गरम असतं.

वीज गेल्यावर दार उघडलं नाही तर चार तास थंडावा राहतो. गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. चार तासांपेक्षा जास्त वीज नसेल तर फ्रीझरबाहेरचं दूध, शिजलेलं, मटण टाकायचं; लोणचं, तूप, भाज्या ठीक. गावाला जाताना एक युक्ती: वाटीत पाणी गोठवा, वर एक नाणं ठेवा आणि वाटी फ्रीझरमध्ये सोडा. परत आल्यावर नाणं तळाशी गेलेलं असेल तर मध्ये सगळं वितळून पुन्हा गोठलंय. बर्फ दिसतोय म्हणून फसू नका.

फ्रिज म्हणजे कायमची सोय नाही. लिस्टेरिया नावाचा जंतू थंडीतही वाढतो आणि साठीपुढच्यांना फार जड जातो. म्हणून डब्यांवर चिकटपट्टी लावून तारीख ठळक, मोठ्या अक्षरांत लिहा. चष्म्याशिवाय वाचता येईल एवढी.

दूध, अंडी, मटण, कच्चं

रतीबाचं दूध आल्याबरोबर उकळा. वर आल्यावर आच कमी करून ढवळत आणखी दोन मिनिटं. धारोष्ण दूध ताकदीचं असतं ही समजूत ब्रुसेलोसिस आणि गोवंशाच्या क्षयाला आमंत्रण देते. दुधात कच्चं अंडं फेटून देणंही तसंच. अंड्याचा बलक घट्ट होईपर्यंत शिजवा. चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोडे भांड्यांवर उडतात. धुवायचंच असेल तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने.

मोड आलेली मटकी, मूग ‘पौष्टिक’ म्हणून कच्चे देतात. मोड यायला लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते. वाफवून द्या, पौष्टिकपणा फारसा जात नाही. भाकरीबरोबर कच्ची मेथी, पातीचा कांदा, घोळ खायची सवय मोडणं अवघड; निदान पानं सुटी करून तीन पाण्यांत धुवा, कारण माती आणि शेणखत देठाच्या बुडाशी असतं. कलिंगड अख्खं घ्या, बाहेरून धुऊन मगच कापा. चिरून ठेवलेलं विकत नको. आमरसाला एक तासाचा नियम लागू.

उपवास, भगर आणि पंगत

आषाढी, नवरात्र, महाशिवरात्र आली की बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, संभाजीनगरकडून भगरीतून विषबाधेच्या बातम्या येतात. भगरीचा दाणा ओल धरतो, त्यावर अ‍ॅस्परजिलस गटातली बुरशी येते आणि तिचं विष शिजवूनही टिकतं. पीठ दळल्यावर ओल धरायला जागा वाढते, म्हणून धोका भगरीच्या पिठात जास्त. सुट्टं पीठ विकत घेऊ नका. पाकीटबंद, ब्रँडचं नाव आणि शेवटची तारीख असलेली भगरच घ्या, निवडून, धुऊन, वाळवून लागेल तेवढीच घरी दळा. मागच्या उपवासाचं उरलेलं पीठ वापरू नका, मग डबा कितीही घट्ट असो. वयस्क आणि मधुमेही माणसाला रिकाम्या पोटी भगर आणि वर शेंगदाण्याची आमटी असा जड मारा नको. ज्यांना एकादशी सोडवत नाही त्यांना राजगिरा, दूध, फळ सुचवून पाहा.

भंडारा आणि लग्नाच्या पंगतीला जायला हरकत नाही, वेळ सांभाळा. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेडच्या लोहा तालुक्यात प्रसादातून सुमारे दोन हजार लोकांना बाधा झाली होती. हजारोंचा स्वयंपाक गरम ठेवणं आचाऱ्यालाही अवघड असतं. वयस्क मंडळींना पहिल्या पंगतीला बसवा. वाफाळतं वरण, गरम पुरी घ्या. मठ्ठा, कोशिंबीर, रबडी सोडा. घरी न्यायला बुंदी, खडीसाखर, फुटाणे. पत्रावळीत बांधलेला भात-भाजी नाही.

धान्य, शेंगदाणे आणि ‘औषधाच्या’ बाटल्या

सुरकुतलेले, काळपट, कडू शेंगदाणे निवडून टाका. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष भाजल्याने पूर्ण जात नाही आणि यकृतावर बसतं. तोंडात एक कडू दाणा आला तर कूट करण्याआधी सगळा ढीग पुन्हा बघा. पावसात सापडलेली काळी ज्वारी म्हाताऱ्यांच्या भाकरीला नको.

धान्यात टाकायच्या सेल्फॉससारख्या गोळ्या माणसं झोपतात त्या घरात कधीच नकोत. ओलीशी संबंध आला की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. धान्य दाताखाली कट्‌ वाजेपर्यंत वाळवा आणि हवाबंद कोठीत भरा.

गावात ‘औषध’ म्हणजे फवारणीचंही औषध. त्याचा रिकामा डबा तेलाला, बाटली पाण्याला वापरू नका. फिनेल किंवा अ‍ॅसिड शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नका. अंधुक दिसत असलेला माणूस रात्री पाणी समजून तेच उचलतो.

भरवताना

पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, घास चहाच्या चमच्याएवढा. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. खाताना ठसका, जेवल्यावर घोगरा ओला आवाज येत असेल तर घास फुप्फुसाकडे जातोय, डॉक्टरांना दाखवा. कवळी रोज काढून घासा.

पोट बिघडलं तर

वयस्क माणसात ताप येईलच असं नाही. अचानक बरळणं, झोपेत राहणं, उठताना घेरी, धोतर-लुगडं कोरडं राहणं (लघवीच न होणं) ही खरी लक्षणं. कातडी चिमटीत धरून पाहायची पद्धत इथे फसते, कारण त्यांची कातडी मुळातच सैल असते. जीभ आणि लघवी पाहा.

लगेच ओआरएस. पाकीट किती पाण्यासाठी ते वाचा, १ लिटरचं आणि २०० मिलीचं वेगळं मिळतं. अर्धं पाकीट अंदाजाने घालू नका. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर अपायच, म्हणून चमचा सुरीने सपाट करा. २४ तासांत न संपलेलं ओता. टेट्रापॅकमधलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. उलटी होत असेल तर दर दोन मिनिटांना एक चमचा, तांब्याभर एकदम नाही. हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून घ्यायला सांगितलेलं असेल तर किती द्यायचं हे फोनवर विचारून घ्या.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू आहे आणि पोटात अन्न टिकत नाही, तर रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते. साखर तपासा आणि त्याच तासाला डॉक्टरांना फोन करा. बीपीच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही अंगातलं पाणी कमी असताना मूत्रपिंडाला भारी पडतात. त्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या हे स्वतः ठरवू नका. मेडिकलमधून आणलेली जुलाब बंद करायची गोळी रक्त किंवा ताप असताना देऊ नका.

जुलाबात रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, घोटभर पाणीही टिकत नाही, बरळणं, १०१ च्या वर ताप, भगर खाल्ल्यावर चक्कर आणि अंग थरथरणं: यापैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता १०८. सल्ला हवा असेल तर १०४.

जाताना चालू औषधांची यादी, शेवटचं काय खाल्लं आणि किती वाजता, हे कागदावर लिहून घ्या. उरलेलं अन्न फेकू नका. स्वच्छ डब्यात भरून, ‘खाऊ नये’ असं लिहून फ्रिजमध्ये ठेवा. पाकीट, पावती, बॅच क्रमांक जपा. विकत आणलेल्या पदार्थाची शंका असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवा, आणि त्याच दुकानातलं तेच पीठ घेतलेल्या शेजाऱ्यांना तेवढ्यात निरोप द्या.